हुंकार देणारं माणूस

शकू त्रिलोकेकरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हॉस्टेलच्या पायरीवर, स्वतःच्या ट्रंकेवर बसून रडत होती, आणि रडता रडता डबा उघडून जेवत होती. डब्यात आईच्या हातचं कोलंबीचं भानोळं होतं. मला म्हणाली, "घेतेस का गं?" मी दादरच्या शाकाहारी कारकुनाची मुलगी. मी नाक मुरडलं. तिने डोळे पुसले आणि माझाही वाटा खाऊन टाकला. आमची मैत्री झाली ती तिथे.

शकू गिरगावची, पाठारे प्रभूंच्या जुन्या घराण्यातली. घराण्याच्या जमिनी केव्हाच गेल्या होत्या, तोरा तेवढा शिल्लक होता, आणि तो सगळा तिच्या कमलाकांत काकांनी सांभाळला होता. शकूचे वडील ती लहान असतानाच गेले. तेव्हापासून तिची आई सुमतीबाई दिरांच्या घरात राहायची, म्हणजे स्वयंपाकघरात राहायची. सकाळी चुलीपुढे बसायची ती रात्री उठायची. घरात कोणी तिला वाईट वागवायचं नाही, पण तिच्याशी बोलायचंही नाही. श्रावणात शुक्रवारची कहाणी सांगायला बसली तर अक्षता हातात घेऊन "हं" म्हणायला एकटी शकू असायची. हुंकार दिल्याशिवाय कहाणी पुढे जात नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आई हुंकारासाठी थांबायची, शकू "हं" म्हणायची, मग पुढचं वाक्य.

नर्सला नोकरीबरोबर राहायला खोली मिळते, हे शकूने कुठेतरी ऐकलं आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आईला त्या चुलीपुढून उठवायचं. काकांनी घर डोक्यावर घेतलं. त्रिलोकेकरांची मुलगी परक्यांची मलमूत्राची भांडी उचलणार? तेव्हा त्या मुकाट बाईने एका सकाळी चूलच पेटवली नाही. अख्खं घर चहावाचून ताटकळत बसलं. काका नरमले, पण अट घालूनच. पहिल्याच परीक्षेत नापास झाली तर निमूट घरी यायचं, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. शकूपुढे असा प्रश्न होता, आणि आम्ही बाकीच्या मात्र कडक इस्त्रीच्या टोप्या कशा शोभतील याच्या काळजीत होतो.

आमचं नर्सिंग स्कूल परळला होतं. तिथे शिकवायला सिस्टर लोबो होत्या. उंच, हाडकुळ्या, पांढऱ्या बुटांतून चालताना आवाज न करणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी वह्या मिटायला लावल्या. वर्गात काही लिहायचं नाही, पेन्सिल दिसली तर बाहेर. हात मांडीवर, डोळे माझ्याकडे. पेशंट तुम्हाला कुठे दुखतंय ते सांगेल तेव्हा तुम्ही वहीत डोकं घालून बसणार का? कानांनी धरायला शिका. हे सगळं फाडफाड इंग्रजीत. मला तेव्हा त्या छळवादी वाटल्या. अजूनही थोड्या वाटतात, पण त्या काय शिकवत होत्या ते आता कळतं.

कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुली तास संपला की खोलीवर धावत जाऊन आठवेल ते उतरवून काढायच्या. मीही रडतखडत काढायचे. शकू गिरगावच्या मराठी शाळेतली. तिला इंग्रजी कळायचं, पण सिस्टरांच्या वेगाने नाही. एक शब्द पकडायला जावं तर पुढचे दहा निघून जायचे. लायब्ररीतलं पुस्तक आमच्या सगळ्यांत मिळून एक. पहिल्या चाचणीत तिने जवळजवळ कोरा कागद दिला. सिस्टरांनी तो वर धरून विचारलं, "नर्स त्रिलोकेकर, मी शिकवत होते तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच होते, सिस्टर."

"शरीर होतं," सिस्टर म्हणाल्या आणि कागद खाली ठेवला.

त्या दुपारी शकू बोललीच नाही. आम्हा नवशिक्यांना रोज दुपारी कपड्यांच्या खोलीत बसून ड्रेसिंगच्या जाळीदार कापडाच्या घड्या घालाव्या लागायच्या. आमच्याबरोबर जाईबाई असायची. ही वॉर्डातली आया, लालबागच्या चाळीत राहणारी, मूळची मालवणकडची. नवरा गेलेला, मुलगा जयवंत गिरणीत. तिला गप्प माणूस बघवायचं नाही.

"चेडवा, तोंड कित्याक पाडलंस?" तिने शकूला विचारलं. "ती मड्डम तुमका सांगता तरी काय?"

"हृदयाबद्दल सांगितलं," शकू म्हणाली. "पण मला नाही कळलं."

"कळला तितक्या सांग."

शकूने हातातलं कापड खाली ठेवलं नाही. घडी घालता घालता, अगदी आईच्या सुरात, तिने सुरुवात केली, "ऐका हृदयदेवा, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. तिथे चार खोल्यांचं बिऱ्हाड होतं." मला हसू फुटलं. जाईबाई मात्र हसली नाही. ती सावरून बसली आणि म्हणाली, "मगे?"

आमच्याकडे "हं" म्हणतात, जाईबाईकडे "मगे?" म्हणजे मग पुढे काय. शकू पुढे निघाली. वरच्या उजव्या खोलीत सगळ्या अंगाचं मळकं रक्त येतं, गिरणीतली पाळी संपवून आलेल्या माणसांसारखं दमून. मगे? तिथून खालच्या खोलीत जायला तीन पाकळ्यांचं दार. ते दार खालीच उघडतं, आलेल्या रक्ताला माघारी जाता येत नाही. "बरां केल्यान देवान," जाईबाई म्हणाली, "नायतर आमच्या चाळीसारखो गोंधळ. मगे?" मग रक्त फुप्फुसात धुवायला जातं, स्वच्छ होऊन डाव्या बाजूला परत येतं. तिथल्या खालच्या खोलीच्या भिंती सगळ्यात जाड, कारण सगळ्या गावाला पोचवायचं काम तिचं.

मी ऐकत होते, आणि माझं हसू कुठच्या कुठे गेलं. सिस्टरांनी सकाळी सांगितलेलं सगळं तिच्यात होतं. ते बाहेर यायला वाट नव्हती इतकंच.

त्यानंतर रोज दुपारी कहाणी. पोटात उतरणाऱ्या घासाची कहाणी झाली, मूत्रपिंडाच्या जुळ्या बहिणींची झाली, जखम कशी भरते त्याची झाली. शकू वर्गातही आता निराळी बसायची. शब्द पकडायला धावायची नाही, दुपारी जाईबाईला काय सांगायचं ते शोधत राहायची. इंग्रजी नावं मागाहून त्या त्या जागी बसवायची, ते काम माझ्याकडे होतं. चाचणीत ती हळूहळू वर आली. पण एक खोड लागली. सांगताना ती मध्ये थांबायची, आणि "मगे?" आल्याशिवाय तिचं पुढचं पाऊल पडायचं नाही. ती आईकडूनच आलेली सवय. मला तिची गंमत वाटायची.

कपड्यांची खोली आणि सिस्टरांची ऑफिसची खोली यांच्यामध्ये नुसती लाकडी फळी होती, आणि तीही छतापर्यंत पोचत नव्हती. एकदा सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. "हा मासळीबाजार नाही," एवढंच इंग्रजीत म्हणाल्या आणि गेल्या. जाईबाई त्या दिवसापासून दबक्या आवाजात "मगे?" म्हणायला लागली. सिस्टर कुठल्या, त्यांचं कोण आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कोणी गोव्याच्या म्हणायचं, कोणी बांद्र्याच्या. आयांशी त्या तुटक हिंदीत बोलायच्या, तेही कामापुरतं.

मग छप्पन्न साल उजाडलं. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत, असं रेडिओवर जाहीर झालं आणि परळ-लालबाग रस्त्यावर उतरलं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा हॉस्टेलच्या खिडकीतून आत यायची, आणि तिच्या मागून गोळीबाराचे आवाज. जखमींनी वॉर्ड भरले. आम्हा नवशिक्यांना तिकडे जाऊ देत नव्हते. आम्ही नुसत्या घड्या घालत होतो. कितीही घातल्या तरी कोणीतरी येऊन उचलून न्यायचं, आणि त्या कुठे जातात हे आम्हाला कळत होतं. मला माझी भीती आठवते. बाहेर कोणाचे भाऊ आहेत, कोणाचे मुलगे आहेत, काही कळत नव्हतं.

कर्फ्यू लागला आणि जाईबाई यायची बंद झाली. निरोप आला की जयवंतला मोर्चात धरून नेलंय आणि ती चौकीच्या दारात बसून आहे.

काकांच्या अटीतली ती पहिली परीक्षा आठवड्यावर आली होती. पुढे ढकलतील अशी आम्हाला आशा होती, पण परीक्षक डॉक्टरांनी कळवलं की वाट मिळेल तशी मी येतो. शकूचा चेहरा उतरला. तिला दुहेरी घोर होता. एक जाईबाईचा, आणि दुसरा तोंडी परीक्षेचा. मी म्हटलं, "अगं, मी बसते ना ऐकायला." बसले. पण मला हुंकार देता येत नाही, हे त्या दिवशी मला समजलं. मी दुरुस्त्या करते. ती "डाव्या बाजूला" म्हणाली की मी "कुठल्या डाव्या, नीट सांग" म्हणायचे. ती थांबली की मला वाटायचं विसरली, आणि मीच पुढचं सांगून मोकळी व्हायचे. शेवटी शकू म्हणाली, "नलू, तू हुशार आहेस, पण तू जा." मला राग आला, आणि मी गेलेही.

तोंडी परीक्षा प्रात्यक्षिकाच्या खोलीत होती. जिची पाळी पुढची, तिने आत दाराजवळच्या बाकावर बसायचं, म्हणून मला सगळं बघायला मिळालं. टेबलामागे परीक्षक, रात्र जागून काढल्यासारखे लाल डोळे. सिस्टर लोबो खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून ट्रेमध्ये चिमटे लावत होत्या. परीक्षकांनी शकूला विचारलं, रक्त पायाच्या अंगठ्यापासून निघून पुन्हा अंगठ्यापर्यंत कसं येतं ते सांगा.

माझा जीव भांड्यात पडला. तिची तर ही पहिली कहाणी. शकूने इंग्रजीत सुरुवात केली, तुटक पण बरोबर. रक्त पायातून वर आणलं, वरच्या उजव्या खोलीत आणलं. आणि थांबली.

परीक्षक काहीच बोलले नाहीत. का बोलतील? परीक्षक ऐकतात. शकू त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं नसलेल्या कापडाची घडी घालत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, दार, तीन पाकळ्यांचं दार! तिला ते येत होतं, मला ठाऊक होतं तिला येतंय. परीक्षकांनी सुस्कारा सोडला. "दॅट्स ऑल?" असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला गिरगावातली ती चूल दिसली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"मगे?"

आवाज खिडकीकडून आला होता. सिस्टर लोबोंनी मान वळवली नव्हती. त्यांच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये होता तिथेच होता.

शकूचा श्वास सुटला. "देअर इज अ डोअर," ती म्हणाली, "विथ थ्री फ्लॅप्स." मग त्या दाराचं डॉक्टरी नाव. रक्त खाली उतरलं, फुप्फुसात गेलं. ती पुन्हा थांबली. "मगे?" खिडकी म्हणाली. रक्त स्वच्छ होऊन परत आलं, जाड भिंतींच्या खोलीत गेलं, तिथून मोठ्या रोहिणीत.

परीक्षकांनी वर पाहिलं. "सिस्टर, तुम्ही काही म्हणालात?"

"घसा साफ करत्येय, डॉक्टर," सिस्टर इंग्रजीत म्हणाल्या. "हवा फार कोरडी आहे."

शकूने रक्त अंगठ्यापर्यंत नेऊन पोचवलं.

ती पास झाली. मीही झाले, पण ते महत्त्वाचं नाही. दुसऱ्या दिवशी शकू आभार मानायला सिस्टरांच्या ऑफिसात गेली. मी अर्थातच फळीपलीकडे कान लावून उभी होते. सिस्टर म्हणाल्या, "नर्स, तुमची टोपी वाकडी आहे." शकू टोपी सरळ करून निघाली. दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, मराठीत, आमच्या जाईबाईच्या मराठीत. "माजी आवय वेंगुर्ल्याक अशीच सांगी. आता वच." माझी आई अशीच सांगायची, आता जा. त्यानंतर त्या बाई आमच्याशी कधी मराठीत बोलल्या नाहीत. वर्षभर फळीपलीकडे बसून त्या काय ऐकत होत्या, हे मात्र आम्हाला कळलं.

जाईबाई कर्फ्यू उठल्यावर आली, जयवंतला सोडवूनच आली. शकूने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मड्डम आमचीच? मेलीन कळाक दिल्यान नाय!" आणि इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले.

शकूने शिक्षण पुरं केलं, नोकरीला लागली, आणि महाराष्ट्र झाला त्याच वर्षी तिला क्वार्टर्समध्ये एक खोली मिळाली. सिस्टर लोबोंनी मेट्रनकडे शब्द टाकला होता, असं म्हणतात. सुमतीबाई गिरगावातून एक पितळी डबा आणि देव्हारा घेऊन आल्या. काका खाली टॅक्सीपर्यंतही आले नाहीत.

त्या श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी मी तिथे होते. एवढीशी खोली, कोपऱ्यात स्टोव्ह. सुमतीबाईंनी तो सकाळीच बंद करून ठेवला होता आणि पुन्हा पेटवायची त्यांना काही घाई दिसत नव्हती. शकू ड्यूटीवरून थकून आली, गणवेशातच खाली बसली, हातात अक्षता घेतल्या. सुमतीबाईंनी कहाणीचं पहिलं वाक्य सांगितलं आणि सवयीने थांबल्या.

"मगे?" शकू म्हणाली.

"हे काय गं नवीन?" सुमतीबाईंनी विचारलं.

"इथे असंच म्हणतात," शकू म्हणाली. "सांग तू, आई. सगळी सांग. मला कुठे जायचं नाहीये."