आचाऱ्याचा मुलगा

बाबा मलकपेठेतल्या एका हॉस्टेलच्या मेसमध्ये आचारी होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी मराठी मंडळाच्या अंकासाठी स्वतःविषयी लिहिताना मी लिहिलं, मी एका आचाऱ्याचा मुलगा आहे. छापून आलं, 'आचार्याचा मुलगा'. आचारी स्वयंपाक करतो, आचार्य शिकवतो. 'ऱ्या' लिहिताना लागणारा तो छोटा र मी वापरत असलेल्या मोफत टायपिंग प्रोग्राममध्ये नव्हताच.

बाबा अक्षर अक्षर लावून वाचायचे. त्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"मला मास्तर करून टाकलंस की रे. माझं काम सांगायची शरम वाटली का?"

"नाही बाबा. ते अक्षरच नाही त्यात."

"मग बनवणाऱ्यांना सांग ना. कायकू गप बसायचं?"

तो प्रोग्राम काही स्वयंसेवक मिळून चालवत. त्यांच्या फोरमवर मी माझं इंग्रजी तीनदा तपासून विनंती टाकली. उत्तर आलं, हा फक्त दिसण्यातला फरक आहे, हिंदीवाल्यांचं अडत नाही. खाली दोघांनी हसरे चेहरे टाकले आणि विनंती बंद झाली.

बाबांना सांगितलं. "हौ," ते म्हणाले, "मास्तरच्या खांद्यावर फडकं नसतं. तेवढाच फरक."

पुढच्या वर्षी बाबा गेले.

गेल्या आठवड्यात प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. घोषणेत सगळ्यात वर तेच अक्षर. माझी विनंती ज्यांनी बंद केली होती त्यांनीच लिहिलं होतं, ही मराठीची मूलभूत गरज आहे, उशीरच झाला. खाली अभिनंदनांची रांग. मीही आभार लिहायला घेतले आणि पुसून टाकले. मग ती जुनी ओळ टाइप केली. अक्षर नीट उमटलं.

ते बघत असताना जे लक्षात आलं, ते आता मनातून जात नाही. 'माझे वडील आचारी आहेत' एवढं लिहायला ते अक्षर लागतच नव्हतं. आणि अंक निघाल्यावर वर्गात कुणी तरी विचारलं होतं, "वडील शिक्षक आहेत का?" तेव्हा मी नुसता हसलो होतो.

अक्षर अक्षर लावून वाचणाऱ्या बाबांना हे तेव्हाच कळलं असेल का? त्या अक्षराची कळ दाबताना माझं बोट थांबतं. शरम वाटली का, असं ते पुन्हा विचारतात. तेव्हा मी अक्षराचं कारण दिलं होतं. आता तेही देता येत नाही.