बारदान्यामागचा सलीम

सलीम डीजेच्या गाडीवर उभा राहिला की बारदान्याचा शिवलेला मुखवटा चढवायचा. तोही अकोल्याच्या उन्हाळ्यात! पोरं त्याला 'बोरेवाला', म्हणजे पोतेवाला, म्हणत. साऊंड सिस्टीम माझी, म्हणून आत कोण आहे ते मला एकट्यालाच ठाऊक.

"काढ रे बाबा, जीव जाईल," मी म्हणायचो.

"जाऊ दे भाऊ. अब्बाले दिसलो तर तसाबी जाईन."

अब्बा म्हणजे उस्मानचाचा. बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. वर्षं वाईट होती. कपाशी हातची गेली की लग्नं आटोपशीर व्हायची आणि पहिली कात्री बँडला लागायची. एका डीजेत सगळं भागायचं. बापाचं काम खाणारा डीजे त्यांच्याच ताटाशेजारी जेवत होता, हे चाचांना ठाऊक नव्हतं.

सलीमला तयार ठेके चालत नसत. जिनिंगच्या मशीनची घरघर, रहाटाची करकर असलं काहीबाही मोबाइलवर भरून आणायचा आणि माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्याचा ठेका बांधायचा. त्यावर अब्बांची क्लॅरिनेट, घरच्या रियाझाच्या वेळी दाराआडून चोरून भरलेली. सुरांच्या मध्ये चाचांचा श्वास ऐकू यायचा. तेवढं काप, मी सुचवलं.

"काहून कापू? सूर कोनीबी वाजवते. दम अब्बाचा हाय."

तिवशाच्या एका लग्नाला चाचा पाहुणे म्हणून आले. सलीमला ते दिसले तोवर गाणं सुरू झालं होतं. चाचा भरल्या ताटावरून उठले आणि थेट स्पीकरपुढे येऊन उभे राहिले. गाण्यात तो श्वास आला, तसा त्यांनीही घेतला. मग ते गाडीवर चढले. सलीम घाबरून मुखवटा काढायला गेला, तर चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. लोकायले दिसन, उस्मानच्या पोटावर पोरानंच पाय देल्ला." मग स्पीकरकडे बोट करून म्हणाले, "ठेका कमी कर. क्लॅरिनेट दबून राहिली."

घरी या विषयावर पुन्हा कुणी बोललं नाही. पुढच्या उन्हाळ्याआधीच चाचा गेले. सलीमनं मुखवटा माझ्या दुकानात आणून टाकला आणि नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागला.

"आता उघड्या तोंडानं वाजव की," मी म्हटलं.

"लय येळा वाजवाले बसलो भाऊ. अब्बाचा दम आला का हात थांबते."

खरं सांगतो, ते गाणं अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. मीही त्या श्वासाच्या पुढे कधी गेलो नाही.