अमृतला पटेपर्यंत

आमच्या पिंपरी पेंढारच्या अमृतला एखादी गोष्ट पटवून देणं आणि बेल्ह्याच्या बाजारात बैल विकणं, दोन्हीला सारखाच दम लागतो. हे मी उगाच म्हणत नाही. त्याचे वडील संपतकाका बैलांचा व्यापार करतात आणि अमृत पाय फुटल्यापासून त्यांच्या मागे बाजार फिरतोय. तिथं विकणारा जनावराचं कितीही गुणगान करो, घेणारा आधी दात बघतो, मग खोडी विचारतो आणि शेवटी म्हणतो, "चालवून दाखवा." अमृतनं हीच रीत बारावीच्या गणिताला लावली होती.

आम्ही चौघं कॉलेज सुटल्यावर मंचरला टीनाच्या घरी अभ्यासाला बसायचो. टीनाचे वडील धरमचंदशेठ कांदा-बटाट्याचे अडते. घर मात्र जैन, त्यामुळे घरात ना कांदा शिजतो ना बटाटा. म्हणजे खाली सगळी गोदामं बटाट्यांनी भरलेली आणि वर टीनाच्या आईच्या, कंचनकाकूंच्या स्वयंपाकघरात बेसनाच्या गट्ट्यांची भाजी, असा प्रकार. आम्ही खालीच, पोत्यांवर बसायचो. टीना सगळ्यात हुशार, तिला सूत्र चटकन दिसायचं. तिचा चुलतभाऊ अंकित आकडेमोड करायचा. मी, म्हणजे श्रेया, उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचे. आणि अमृत एका उपड्या क्रेटवर बसून म्हणायचा, "थांबा राव. मला न्हाई पटलं."

त्याला पायरी न् पायरी चालवून दाखवावी लागायची. "हे इकडचं तिकडं गेलं तर चिन्ह का बदललं?" इथपासून सुरुवात. वर्गात सर पुढे निघून जायचे, तिथं हा कुणाला थांबवणार? मग सगळी कसर आमच्यावर काढायचा. दिवस मावळायच्या आत काकूंची जेवायची हाक यायची, कारण त्यांच्याकडे अंधार पडल्यावर जेवत नाहीत, आणि हाक आली की अभ्यास संपला. एकदा तर अमृतनं एकाच गणितावर आख्खा सूर्य बुडवला. टीना रडायचीच बाकी राहिली होती.

पूर्वपरीक्षा तोंडावर आली तसं टीना आणि अंकितनं ठरवलं की आता अमृत नको. त्याला हे सांगणार कोण? तर म्हणे श्रेया, कारण ती त्याच्या गावची. मला या शहाण्यांचा असा राग आला! पण एसटीत सांगितलं एकदाचं. अमृत खिडकीबाहेर बघत राहिला. मांडीवर काकूंनी त्याच दिवशी त्याच्या आईसाठी भरून दिलेला भाजीचा डबा होता.

"बराबर हाय तुमचं," तो म्हणाला. "पण तुमच्यात बसलो तरच मला गणित कळतं, श्रेया. वर्गात न्हाई कळत."

मला फार वाईट वाटलं.

अमृत गेल्यावर आमचा वेग काय विचारता! टीना सूत्र सांगतेय, अंकित आकडे टाकतोय, मी उतरवतेय. कुणी कुणाला अडवत नव्हतं. काकूंची हाक यायच्या आत धडाच्या धडा उरकायचा. अमृतच्या क्रेटवर अंकित आता पाय ठेवून बसायचा.

अशाच एका संध्याकाळी गोदामाच्या दारात अमृत उभा राहिला. हातात काकूंचा डबा. डबा रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून त्याच्या आईनं, सारजामावशींनी त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले होते. मागे एकदा त्यांनी लसणाची चटणी भरून पाठवली होती. ती काकूंनी हसत हमालांना देऊन टाकली आणि पुढे महिनाभर हमाल चटणीची चौकशी करत होते. तेव्हापासून मावशी शिकल्या.

"काकू वर हायेत का? डबा द्यायचाय," एवढंच तो बोलला. पण जाता जाता त्याची नजर माझ्या वहीवर पडलीच. एक भागिले एक्सचा वर्ग, उणे एकपासून एकपर्यंत, वक्राखालचं क्षेत्रफळ काढा. आमचं उत्तर होतं उणे दोन. खाली मी दोन रेघाही मारल्या होत्या.

तो थबकला. मला कळलं, आता काही खरं नाही.

"टीना, वर्ग कधी उणे असतोय का?"

"नाही. का?"

"मंग सगळं वावर बांधाच्या, म्हंजे आडव्या अक्षाच्या, वरच्या अंगाला हाय. त्याचं क्षेत्र उणे कसं भरलं?"

आम्ही तिघांनी वहीत डोकं घातलं. अंकित म्हणाला, "मग उणे काढून टाक ना. दोन!"

"म्हंजे लंगड्या बैलाची शिंगं रंगवली, का रं?" अमृत म्हणाला. "चालवून दाखव."

चालवणं भागच होतं. टीनानं उणे एकपासून सुरुवात केली. तिथं उंची एक. अर्ध्यावर चार. एक दशांशावर शंभर. शून्याच्या जवळ जाईल तसा वक्र वरवर निघाला, आणि शून्यावर तर आभाळातच गेला. टीनाची पेन्सिल थांबली.

"अरे, हा इथं तुटतोय! सूत्र लागूच पडत नाही." प्रश्नाखालच्या पर्यायांत शेवटी 'यापैकी नाही' होतं, तेच उत्तर. तो पर्याय नुसता शोभेला असतो, असा आमचा आजवरचा समज. सूत्र टीनाला बरोबर आठवलं होतं, अंकितची आकडेमोड बरोबर होती, अक्षर तर माझं सुंदरच. प्रश्न मात्र कुणीच नीट वाचला नव्हता.

"तुला उत्तर माहीत होतं?" अंकितनं विचारलं.

"मला काय म्हाईत! लंगडतंय एवढं दिसलं."

अंकितनं क्रेटवरचे पाय काढून घेतले. टीनाला सॉरी म्हणणं जमत नाही, फार तर नाक लाल होतं. ते झालं होतं.

तेवढ्यात वरून काकू आल्या. जिन्यात त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक. लाडू ताटलीत काढले, वर गेल्या, आणि तोच डबा भरून परत घेऊन आल्या.

"आवो काकू, आता कशाला? मंग डबा द्यायला मला परत यावं लागंल," अमृत म्हणाला आणि टीनाकडे बघू लागला.

"यायलाच पाहिजे. डबा माझा आहे," काकू म्हणाल्या.

टीनानं मान वर केली नाही. "उद्या लवकर ये," ती वहीकडे बघत म्हणाली. "संभाव्यतेचं एक गणित आहे. मला पटत नाहीये."

अमृतनं डब्याचं झाकण उघडलं, आत काय आहे ते नीट बघून घेतलं आणि मगच डबा पिशवीत टाकला.