गाण्याखाली गेलेला आवाज

मंचरात लग्नाच्या सीडी करून देणारे बरेच होते, पण गिऱ्हाइकाच्या शिव्या खाण्यात गोरखचा हात कुणी धरला नसता. कारण एकच. त्याच्या सीडीत गाणी नसायची. नवरा घोड्यावर बसला की बाकीचे स्टुडिओवाले लगेच हिंदी गाणं सोडून मोकळे. गोरखच्या सीडीत मात्र भटजींचा खोकला, पंगतीतला गलका, मागे पडलेलं पातेलं, सगळं जसंच्या तसं. एकजण तर दुकानात येऊन ओरडला होता, "राव, लग्न व्हतं आमचं, भांडी घासायचा कार्यक्रम नव्हता!" माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान त्याच्या स्टुडिओला लागूनच, त्यामुळे ही भांडणं मला बसल्या जागी ऐकायला मिळायची. मीही त्याला मूर्ख म्हणायचो. पण हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं, म्हणून एकदा म्हणून गप्प बसायचो.

गोरख मूळचा बोरी बुद्रुकचा, धनगराचा. त्याच्या वडलांनी मेंढरं विकून शेती धरली, पण चुलत्यानं, जानकूतात्यांनी, सोडली नाहीत. दिवाळी झाली की तात्या आणि त्यांची बायको तानूबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून माळशेज घाटानं कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. तात्या माणसांशी फारसं बोलत नसत. जे काही बोलायचं ते मेंढरांशी. घोगरा, छातीतून येणारा आवाज. आख्खा कळप बांधावर चढलेला असताना ते नुसतं एकीचं नाव घेऊन हाक मारत, आणि तीच एक मान वर करी. गोरखचं लहानपण या हाका ऐकण्यात गेलं. त्यांच्यामागून कळप सांभाळणारं कुणी नव्हतं. मुलगी एकच, भागू, ती लग्न होऊन गेलेली.

गोरखनं व्हिडिओचा धंदा सुरू केला तो चौऱ्याण्णवच्या सुमाराला, खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्यानं. त्या धंद्याच्या काही रीती होत्या. शूटिंगमधला आवाज म्हणजे कचरा. एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर कॅसेट उतरवताना तो काढून टाकायचा आणि त्या जागी गाणं भरायचं. कॅसेट पाहुण्यांच्या हातात दिली की मूळ कॅसेटवर पुढचं लग्न. आणि सगळ्यांत मोठी रीत ही, की मंगलाष्टकाला टेप संपता कामा नये. एकदा संपली तर तालुक्यात तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हणून पुढे छोट्या डिजिटल टेपा आल्या तेव्हा आमच्याकडच्या सगळ्यांनी पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यात एक बटण शोधून काढलं, एलपीचं. त्यानं टेप हळू फिरते आणि तासाच्या टेपवर दीड तास मावतो. एकदा दाबलं ते कुणी परत काढलं नाही.

डिजिटल कॅमेरा घेतल्यावर गोरखच्या डोक्यात सिनेमा शिरला. गाण्यांचा नव्हे, तात्यांच्या कळपाचा. पुण्यात स्वतंत्रपणे माहितीपट करणाऱ्यांचं शिबिर होतं, तिथं जाऊन आला आणि महिनाभर माझं डोकं खाल्लं. "भाऊ, शेवटापास्नं विचार करायचा. शिनेमा कशावर दावायचा, कुठं कापायचा, आवाज कसा ठेवायचा, आदी त्ये ठरवायचं, मंगच कॅमेरा उचलायचा." त्याप्रमाणे त्यानं सगळं ठरवलंही. चांगला माइक घेतला. तात्यांच्या आवाजावर गाणं टाकायचं नाही, हे तर पहिलंच ठरलं. कॉम्प्युटरची डिस्क लहान, तिच्यात सगळं मावणार नाही, म्हणून शूटिंग पुरं झाल्यावर मोठी डिस्क घेऊन एकदमच उतरवायचं, हेही ठरलं. तोवर टेपांवर लग्नं भरायची नाहीत. त्या एका पेटीत, वर कापूर आणि कुलूप.

एवढा विचार करणाऱ्या माणसानं एलपीचं बटण काढलं नाही. त्याला ते आठवलंच नाही, आणि पुण्यातल्या लोकांनी विचारलं नाही, कारण सिनेमा कुणी एलपीवर काढत असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. मंगलाष्टकं चुकू नयेत म्हणून लावलेली सवय मेंढरांमागे माळशेज उतरून गेली.

दोन वर्षं तो जमेल तेव्हा वाड्यावर जात राहिला. वाडा म्हणजे त्यांचा उघड्यावरचा मुक्काम. मग सिनेमा नीट व्हावा म्हणून जुना कॅमेरा पुण्याच्या दुकानात बदल्यात देऊन मोठा घेतला. आणि त्याच पावसाळ्यात जानकूतात्या गेले. ताप आला, अंगावर काढला, आणि मंचरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तेराव्याला तानूबाईनं गोरखला जवळ बोलावलं. मी शेजारीच बसलो होतो. "गोरखा, मला तुजं चित्रबित्र काय नको. डोळ्यांनी कुटं नीट दिसतंय. येकदा त्येंचा आवाज तेवडा आयकव." गोरख म्हणाला, "आयकवतो की काकी, सगळा भरून ठिवलाय." इतक्या ठामपणे म्हणाला, की मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला.

मोठी डिस्क आली. पहिली टेप नव्या कॅमेऱ्यात घातली. पडद्यावर नुसते चौकोन. मेंढरांचे चौकोन, तात्यांच्या फेट्याचे चौकोन, आणि आवाज तर फोडणीत मोहरी तडतडावी तसा. दुसरी टेप, तिसरी टेप, तेच. माझ्याकडे आणल्या, मीही हात टेकले. पुण्यातल्या एका स्टुडिओनं सांगितलं ते ऐकून गोरख पायरीवरच बसला. एलपीवर भरलेली टेप बहुतेक वेळा जिनं भरली त्या मशिनीवरच नीट चालते.

मग जुन्या कॅमेऱ्याचा शोध. दुकानातून तो नारायणगावच्या एका लग्नवाल्याकडे गेला होता. आम्ही दोघं मोटारसायकलवर गेलो. त्या भल्या माणसानं चहा पाजला, कॅमेरा समोर ठेवला आणि कौतुकानं म्हणाला, "आता लई भारी चालतोय. हेड बदलून घेतलं नवं." कॅमेरा टेप वाचतो तो हेडनंच, आणि जुनं हेड गेलं होतं. तरी गोरखनं टेप घातली. चौकोन. मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याचा काहीच दोष नाही म्हणून जास्तच आला.

तानूबाई निरोप धाडतच होती. कुणी बोरीहून बाजाराला आलं की विचारायचं, काकी म्हणतीये झालं का? गोरख तोंड चुकवायला लागला. शेवटी एकदा ती स्वतःच यष्टीनं आली, भागूला घेऊन. खोटं बोलणं त्याला जमलं नाही. टेपा खराब झाल्या एवढंच म्हणाला. म्हातारी रडली नाही. म्हणाली, "मंग भागीच्या लग्नाची कॅशेट हाय की. तिच्यात पाटवणीला बोल्ल्यात त्ये पोरीसंगं. मी लांब हुते, मला काय आयकू आलं न्हाई." पिशवीतून तिनं ती काढलीसुद्धा. फडक्यात गुंडाळलेली, गोरखच्याच स्टुडिओची, सुरुवातीच्या काळातली.

मी गोरखकडे पाहिलं. तो कॅसेटला हात लावेना. व्हीसीआर माझ्याच दुकानात होता. मीच कॅसेट लावली; नाही कसं म्हणणार? तानूबाई स्टूल ओढून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली. पाठवणी आली. जानकूतात्या पुढे झाले, भागूच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलायला लागले. उभ्या आयुष्यात माणसांशी बोलले नसतील इतका वेळ ते बोलत होते. त्यांचे ओठ स्वच्छ हलताना दिसत होते. आणि वर दणक्यात हिंदी गाणं चाललं होतं.

भागू म्हणाली, "मला काय आटवतंय, मी निस्ती रडत हुते."

तानूबाईनं पडद्यावरची नजर काढली नाही. फक्त हात मागे करून गोरखचा सदरा धरला आणि हळूच म्हणाली, "गोरखा, गाणं जरा थांबिव. त्ये बोलत्यात."