वाळूनं भरलेला ऐन

आमच्या रिहे गावच्या शेतात, ओढ्याकाठी, ऐनाचं एक झाड उभ्याउभ्या वठलं. पुराची वाळू त्याच्या सालीच्या भेगांत छातीइतकी उंच भरून राहिली होती. झाड शेजारच्या आबांच्या गोठ्यावर कललेलं. आबा रोज विचारायचे, "कवा पाडताय?"

झाडं कापणं हा आमच्या यांचा धंदाच. झाडं कापायच्या मशीनची चेन झिजली होती, म्हणून आम्ही दोघं पिरंगुटला गेलो. लाकूड वाळलेलं आहे, वाळूतलं आहे, हे ऐकून दुकानदारानं दोन चेनी समोर ठेवल्या. एकीच्या दातांचे कोपरे टोकदार, दुसरीचे गोलसर.

"टोकदार भराभर कापते, पण वाळूत लगेच बोथट होईल. गोल दातांची सावकाश कापते, पण धार धरून राहते. हीच न्या."

"टोकदारच द्या," हे म्हणाले.

मला नवल वाटलं. हा माणूस घाई करणाऱ्यातला नव्हे. वाटेत विचारलं तर म्हणाले, "लवकर उरकायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं तेव्हा मी म्हटलं, "आधी साल तरी सोला. वाळू हाय त्यात."

त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. जरा वेळ भुसा उडाला, मग नुसतं पीठ पडायला लागलं, मग ठिणग्या आणि धूर. हे अंगाचा भार टाकून मशीन दाबत होते. मशीन कधी दाबू नये, असं दुसऱ्यांना सांगणारे हेच. शेवटी थांबले, दगडावर बसले, धार लावायला कानस काढली. ती हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली.

मी जवळ गेले. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती, बर्फागत गार.

"कवापासनं हाय हे?"

"लई दिवस झालं. मशीन धरलं की मुंग्या येत्यात, मग बोटं हायेत का न्हाईत तेच कळत न्हाई. म्हणून म्हटलं, झटक्यात कापणारी चेन घ्यावी. जास्त येळ धराया लागायचं न्हाई."

अर्धवट कापलेलं झाड गोठ्यावर तसंच कललेलं होतं. मी आबांना जनावरं बाहेर काढायला सांगितली आणि उरवड्याच्या एका लाकूडतोड्याला फोन केला. तो येईपर्यंत मी पिरंगुटहून गोल दातांची चेन आणली. त्यानं आधी कुऱ्हाडीनं साल सोलली, आतली वाळू झाडली, मग कापायला घेतलं. हे बाजूला बसून कुठं काप घ्यायचा ते सांगत होते. दोर लावून ओढलेलं झाड पडलं ते ओढ्याच्या बाजूला. गोठ्याला धक्का लागला नाही.

मशीनच्या हादऱ्यानं बोटांच्या नसा गेल्यात, असं डॉक्टर म्हणाले. मशीन आता बंद.

आता हे एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. थंडीत सकाळी त्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मी लावते. तेवढा वेळ ते दाराबाहेर बघत राहतात.