बाजाराचा आदला वार

मी तिसरी नापास. पण बायकोच्या बाबतीत एक गोष्ट मला डाक्टरणीपेक्षा जास्त कळते, आणि ती कोणी ऐकूनच घेत नाय.

म्हशाच्या जत्रेतून येताना बायको पोराच्या मोटारसायकलवरून पडली. मागं एका अंगावर बसलेली, मांडीवर नवी घोंगडी, ती दोन्ही हातांनी धरलेली. गतिरोधक आला. घोंगडी सुटली नाय, हीच सुटली. डोक्यावर पडली. डोकं उघडून आतलं रक्त काढलं. बरेच दिवस शुद्ध नव्हती. मग डोळे उघडले, "पाणी", "नको", "थंडी" असे शब्द आले, आणि घरी आणली. पुढं काय, ते कोणीच सांगेना. डाक्टरीण म्हणाली, "पहिल्या काही महिन्यांत जेवढं परत येईल, तेवढं येईल. माणसं ओळखतायत का, बघत राहू."

आता बघायचं कसं? तर दर पंधरा दिवसांनी हिला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायची, मला समोर उभं करायचं आणि विचारायचं, "आजी, हे तुमचे कोण? नाव सांगा बरं यांचं."

ही माझ्याकडं बघते, मग भिंतीकडं बघते. डाक्टरीण कागदावर फुली मारते. पोरगी ओढणीनं डोळे पुसते. पोराचं तोंड तर बघवत नाय, गाडी तोच चालवत होता.

यांना सांगायचं तरी काय? लग्न झाल्यापासून बाईनं माझं नाव घेतलेलं नाय. उखाण्यात एकदा घेतलं, तेही तोंडात पदर घालून, माझं मलाच ऐकू आलं नाय. रेशनवाल्यानं नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारणीला कोपर मारायची, "सांग गो." माझं नाव पडलं वारावरून, आमच्याकडं तशी ठेवतात. तर तो वारसुद्धा हिच्या तोंडात येत नाय. त्याला ती बाजाराचा आदला वार म्हणते. पोरगा पहिलीत वार म्हणून दाखवताना तेच म्हणाला आणि मास्तरांचा मार खाल्ला.

मी डाक्टरणीला म्हटलं, "बाई, तुमचा सवालच चुकीचा हाय."

ती हसली. पोरगा म्हणाला, "बाबा, डॉक्टरांना तरी शिकवू नका."

होळी झाली आणि एका सकाळी मी गुरं सोडत असताना ओट्यावरून हाक आली. माझं नाव. चुकार गुराला मारतात तशी खणखणीत. वर, "पाणी दे!"

पोरगी नाचायलाच लागली. दुपारपर्यंत पेढे आले. "बाबा, आईनं ओळखलं!"

मी पेढा खाल्ला नाय. म्हटलं, "माझी बायको असं नाव घेत नाय. आता हाक मारली ती बाई कोण, ते आधी सांगा."

"तुमचं काय करावं?" पोरगी म्हणाली. "नाव नाय घेतलं तर डॉक्टरशी भांडता, घेतलं तर आमच्याशी!"

दिवसभर हाका. शेजारीण कुंपणावरून ओरडते, "म्हातारे, सगली कसर काढतेस गो!" सगळ्यांना हसू. मला अन्न गोड लागेना.

पुढच्या खेपेला पोरानं डाक्टरणीला आल्या आल्या सांगून टाकलं. ती खूश. म्हणाली, "मग आज वेगळं विचारू. आजी, आज वार कोणता?"

तो नेमका माझाच वार. 

बायकोनं पदराचा काठ चाळवला. म्हणाली, "उद्या बाजार."

"उद्याचं नाही आजी, आजचा वार."

"सांगितला की. बाजाराचा आदला."

फुली.

"ती फुली काढा," मी म्हटलं. "बरोबर सांगितलं तिनं."

"बाबा, बसा खाली."

"बसत नाय. आता माझं नाव इचारा तिला. इचारा!"

डाक्टरीण वैतागली, पण विचारलं. बायकोनं भादरलेल्या डोक्यावरून पदर पुढं ओढला आणि मान फिरवली. "त्यांनाच इचारा ना. तोंड नाय का त्यांना?"

दुसरी फुली.

परत येताना पोरगा रिक्षाबाहेर बघत बसला. त्याच्या लेखी आई होती तिथून मागं गेली. मी शहापूरच्या नाक्यावर रिक्षा थांबवली आणि पेढे घेतले. पोरानं माझ्याकडं असं बघितलं, की आता बापाचंही डोकं गेलं.

खर्डीच्या रस्त्याला लागलो. मी पुढं रिक्षावाल्याशेजारी, ती मागं पोराला टेकून. तेवढ्यात हाक आली. नावानं.

"पेढा दे!"

मी ओ दिली नाय. तिनं परत मारली, जास्त मोठ्यानं. रिक्षावाला वळून बघायला लागला.

दिली मग.