मामांचा मुद्रण विभाग

सदर इसमाचे वय एकसष्ट, उंची मध्यम, नजर चाळिशीच्या वरून. वैवाहिक स्थिती : प्रश्न उद्भवला नाही. हुद्दा : प्रमुख, मुद्रण व प्रतिलिपी विभाग. कार्यालय : थोरल्या बहिणीच्या सदनिकेतील, स्वयंपाकघरालगतची, पूर्वी गाद्या व मोडके पंखे ठेवण्याची खोली. अधिकारक्षेत्र : घरातील दोन लॅपटॉप. विभागास कोणाचीही मान्यता नाही. तथापि दारावर कामकाजाची वेळ चिकटवलेली असून दुपारी विभाग बंद राहतो, कारण प्रमुख झोपतात.

घरात त्यांना मामा म्हणत, बाहेर झेरॉक्सवाले. कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचं दुकान होतं. परीक्षा आल्या की पोरं काउंटरवर कोपरं टेकून उभी असत आणि मामा मान वर न करता विचारत, "पाठपोट की एका बाजूला?" पुढे पोरं एकमेकांच्या वह्यांचे मोबाइलवर फोटो काढू लागली आणि काउंटर कोरडा पडला. दुकान गेलं तेव्हा मामा बाकी सगळं विकून एकच यंत्र घेऊन बहिणीकडे आले : छापणारं, स्कॅन करणारं, झेरॉक्स काढणारं. चार दिवस राहायला म्हणून आले होते.

बहिणीच्या घरी बसून खाणारा भाऊ ही मिरवण्यासारखी गोष्ट नाही, आणि मामांना ते कोणी सांगायची गरज पडली नाही. ताटावर बसले की वाढायला सुरुवात व्हायच्या आधीच ते "बास, बास" म्हणत.

म्हणून ते यंत्र. ते वायरीने मामांच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं आणि त्या कॉम्प्युटरवरून मामांनी ते साऱ्या घराला शेअर करून दिलं होतं. कोणीही आपल्या लॅपटॉपवरून प्रिंट द्यावी; अट एकच, मामांचा कॉम्प्युटर चालू हवा. तो चालू करणं मामांच्या हाती. सगळा विभाग त्या एका अटीवर उभा होता.

"मामा, जरा कॉम्प्युटर लावता का? एक पान काढायचंय," भाचा दारातून विचारी.

"एकच? मग आधी सांगायचं. सुरू व्हायला वेळ लागतो."

"त्याला की तुम्हाला?"

"दोघांनाही. जुना माल आहे."

बहिणीचे यजमान पेपरातून डोकं न काढता विचारत, "काय साहेब, अर्ज किती प्रतींत करावा?"

"तीन," मामा म्हणत. "एक आमच्याकडून हरवायला."

पान निघालं की मामा ते उजेडात धरून समास बघत, कडा टेबलावर ठोकून सरळ करत आणि स्वतः नेऊन देत. एकच पान असलं तरी कडा ठोकत.

आता खरी गोष्ट अशी, की यंत्राला वायफाय होतं. तसं खोक्यावर छापलेलं होतं. खोकं मामांनी आल्या आल्या रद्दीत दिलं. यंत्राच्या कपाळावर वायफायचा बारीक दिवा होता. त्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली. कोणी विचारलंच तर, "डोळ्यांत जातो." पुढे भाच्याचं लग्न झालं, सून आली. ती घरून काम करणारी. तिने आल्या आल्याच विचारलं, "मामा, हे वायरलेस होत नाही का हो?"

"नाही गं. याला वायरच लागते."

खोटं बोलायची फारशी सवय नसल्यामुळे त्यांनी हे जरा मोठ्याने सांगितलं. तिने मान डोलावली आणि त्यानंतर तीही इतरांसारखी दारात येऊन विचारू लागली. विभागाचं काम वाढलं. मामांच्या चालीत फरक पडला.

एका दुपारी विभाग नेहमीप्रमाणे बंद होता. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. यंत्राने घसा खाकरला, कागद ओढला आणि एक पान बाहेर टाकलं. मग दुसरं. मामा उठून बसले. कॉम्प्युटरकडे पाहिलं, बंद. त्यांनी वाकून यंत्रातून कॉम्प्युटरकडे जाणारी वायर उपसली. तिसरं पान आलं.

सून पाय न वाजवता दारात आली. मामा वायरीचं टोक हातात धरून बसले होते.

"अगंबाई, जागे आहात? सॉरी मामा. मीटिंग आहे आत्ता, आणि तुम्हाला उठवायचं जिवावर आलं."

"हे कसं काय निघालं?"

"मोबाइलवरून."

"कधीपासून?"

तिने पानं गोळा केली, गरजेपेक्षा सावकाश. "मी आले तेव्हापासूनच. तुम्ही कागद आणायला बाहेर गेला होतात, तेव्हा बटण दाबून जोडलं. संध्याकाळी तुमची गंमत करणार होते. पण आईंनी अडवलं. म्हणाल्या, विचारत जा त्याला, तेवढंच बरं वाटतं."

वाक्य पुरं झाल्यावर तिला कळलं, की ते अर्ध्यावर सोडायला हवं होतं.

"मग ती रोज काढून घेता ती पानं?" मामांनी विचारलं.

"काही खरी असायची, मामा."

ती गेली. मामांनी नखाने पट्टी सोलून काढली. खाली निळा दिवा, न लुकलुकता. इतके दिवस तो तसाच जळत होता. त्यांनी तो घरापासून लपवला होता आणि घरात फक्त त्यांनाच तो दिसत नव्हता.

कोणी रागावलं असतं तर निभलं असतं. खोटेपणावरून भांडण झालं असतं, आवाज चढले असते, मग समेट. पण सुनेकडून कळूनही त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी चहाला सगळे काचेच्या भांड्यांतून चालल्यासारखे बोलत होते. बहिणीच्या यजमानांनीही अर्ज केला नाही.

सकाळी ताई विजेचं बिल घेऊन खोलीच्या दारात आली.

"याची एक झेरॉक्स दे बरं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? लागते."

"कोणाला?"

"तू वकील कधीपासून झालास रे? काढ म्हटलं की काढायची." दरडावणी थोरल्या बहिणीचीच होती, पण डोळे बिलावर होते.

"ताई, खरं सांग. हवी आहे का?"

"हवीय म्हणून तर दारात उभी आहे ना मी!"

मामांनी यंत्राची काच पुसली, बिल कोपऱ्याला नीट लावलं, झाकण दाबलं. प्रत उजेडात धरून पाहिली. समास चारी बाजूंनी सारखे. कडा ठोकल्या आणि ती बहिणीच्या हातात दिली.

"बघ, कशी छान आलीय," ताई म्हणाली.

आठवड्याच्या आतच एकदा मामा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. बिलाची ती प्रत फळीवर, तेलाच्या डब्याखाली अंथरलेली होती.